विचारा की! : गव्हाळ, कालू आणि बुधवारची मेणबत्ती

या खेपेला आलेल्या पत्रांत निम्मी रंगावरची आहेत, लग्नसराई जवळ आली की येतातच. नेहमीसारखं आधीच सांगते, ही माझी मतं, मी कुठली तज्ज्ञ वगैरे नाही, दादरला राहते, लोकलने फिरते, लोकांचं बोलणं कान देऊन ऐकते, बास.

प्रश्न : ताई, मुलगी २६ वर्षांची, सीए झालीये, रंगाने सावळी. स्थळं बघतोय. तिच्या मामाने बायोडेटात परस्पर ‘गव्हाळ’ लिहिलं आणि विवाह मंडळातल्या बाई म्हणाल्या फोटो जरा उजळ करून द्या. मुलगी दोन दिवस धड जेवली नाही, म्हणते हा बायोडेटा बाहेर गेला तर लग्नच करणार नाही. आम्ही तिचं भलंच बघतोय ना? — एक आई, लालबाग

भलं बघताय यात शंकाच नाही हो, पण ती चिडलीये ते बरोबरच आहे. हा ‘गव्हाळ’ शब्द म्हणजे एक कमाल आहे. माझ्या चार आत्तेबहिणी, चौघींचा रंग वेगळा आणि चौघींच्या बायोडेटात गव्हाळ, आता चार रंगांचा गहू कुठल्या वाण्याकडे मिळतो ते आत्यालाच माहीत. आणि फोटो उजळ केला तरी कांदेपोहे घेऊन बाहेर तीच येणार ना, का फोटोच पाठवणार ट्रे घेऊन?

माझ्या भाचीच्या लग्नातलं सांगते. पार्लरवालीने न विचारता दोन शेड वरचा बेस लावला. चेहरा एकीकडे, मान दुसरीकडे, आणि हिरवा चुडा भरलेले हात तिचे तिचेच. मंगळसूत्र घालतानाचा क्लोजअप आहे त्यात हनुवटीखाली सरळ रेघ दिसते, भिंत रंगवताना अर्ध्यात डबा संपला की दिसते ना तशी. भाची तो फोटो कोणाला दाखवत नाही आणि माझ्या बहिणीने तोच मोठा करून हॉलमध्ये लावलाय, यावरून दोघींची अजून धुसफूस चालू असते.

‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आलं १९७५ ला. नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झालं २०२० ला, आणि शादी डॉट कॉमने रंगानुसार स्थळं गाळायची सोय काढून टाकली तीही त्याच सुमारास. म्हणजे ४५ वर्षं जे बिनबोभाट चाललं ते अमेरिकेत एक काळा माणूस पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून मेला आणि जगभर मोर्चे निघाले तेव्हा कुठे कंपन्यांना खटकलं. आपल्या घरातली मुलगी ताटावरून उठून गेली तेव्हा नाही खटकलं कोणाला. आणि ट्यूबवरचं नाव बदललं तरी आमच्या केमिस्टकडे बायका अजून जुन्याच नावाने मागतात, तोही बरोबर तीच काढून देतो.

टीव्हीचं तर बोलूच नका. सावळ्या मुलीची गोष्ट सांगायची तर गोरी नटी घेऊन तिला काळा मेकअप फासतात, सावळी नटी मिळत नाही म्हणे, या मुंबईत! स्मिता पाटील इथल्याच दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची, तेव्हा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, रंगीत आला १९८२ ला, त्यामुळे रंगाची भानगडच नाही, नुसते डोळे आणि आवाज. आज तिचं नाव काढलं की हळवी होणारी मंडळी स्वतःच्या भाचीला उन्हात जाऊ नको म्हणतात. (विठोबाचा दाखला मी देणार नाही, तो सगळेच देतात आणि सून मात्र गोरी शोधतात.)

तर करायचं काय? बायोडेटातून रंगाची ओळच उडवा. आणि तो लिहू दे तिलाच, सीए आहे, एक पान जमेल तिला. जे फोनवर पहिला प्रश्न रंगाचा विचारतील ते तिथल्या तिथे कळतील, तेवढेच पोहे वाचतील.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. वर्गातल्या एका मुलाला ‘कालू’ हाक मारली म्हणून शाळेने आम्हाला बोलावून घेतलं. अहो आमच्या घरात वेस्ट इंडीजच्या क्रिकेटर पोलार्डला सगळे कौतुकाने कालूच म्हणायचे, त्यात काय एवढं? आजकाल लोकांना कशाचाही राग येतो. — एक बाबा, ठाणे

पोलार्ड २०१० ते २०२२ आयपीएलमध्ये मुंबईकडून खेळला, त्याच्या सिक्सरवर आमच्या बिल्डिंगमध्ये पण ताटं वाजायची, तेव्हा तो ‘आपला पोलार्ड’ आणि लवकर आउट झाला की लगेच त्याचा रंग आठवायचा, तुमच्याकडे वेगळं असेल तर आनंदच आहे.

वेस्ट इंडीजच्याच डॅरेन सॅमीचं आठवतंय का? आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळताना त्याला टीममधले काही जण ‘कालू’ म्हणायचे. त्याला वाटायचं तगडा घोडा असा काहीतरी अर्थ असेल. खरा अर्थ कळला २०२० ला आणि मग साहजिकच भडकला. पुढे एका जुन्या साथीदाराशी त्याचं बोलणं झालं आणि ते प्रेमातून होतं हे त्याने मानलंही. म्हणजे तुमचा ‘कौतुकाने’ मुद्दा अगदीच खोटा नाही, हे मी कबूल करते. पण इतकी वर्षं हसून ओ देणाऱ्याला अर्थच माहीत नव्हता ना बाबा. तुमच्या मुलाच्या वर्गातल्या त्या पोराला पहिल्या दिवसापासून माहितीये.

आणि हे कौतुक कुठवर जातं तेही बघितलंय आपण. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला बघून वानखेडेवर प्रेक्षकांनी माकडासारखे आवाज काढले, हातवारे केले, आपल्या वानखेडेवर. काहींना पोलिसांनी बाहेर काढलं, फोटो जगभर छापून आले. त्यातले काही जण आता बाप झाले असतील, बसले असतील शाळेत हेडबाईंसमोर.

मुलाला रागावू नका, पुढच्या सुट्टीत मुरूडला न्या. जंजिऱ्यात फिरताना सांगा की हा किल्ला चालवणारे सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, म्हणून जंजिऱ्याच्या मुलखाला हबसाण म्हणायचे. मलिक अंबर पण आफ्रिकेतलाच, इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि निजामशाहीचा वजीर झाला, त्याने वसवलेली खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद. १६२४ ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. कोणी त्याला कालू म्हणून हाक मारली असती का, एवढं विचारा फक्त.

प्रश्न : मी लग्नाआधीपासून बुधवारी माहीमच्या चर्चला जाते, नोव्हेनाला, म्हणजे नऊ बुधवारच्या प्रार्थनेला. सासूबाई म्हणतात आपल्या देवाला काय धाड भरली, आणि मिस्टर आता काहीबाही फॉरवर्ड दाखवायला लागलेत. जायचं सोडू का? — एक सून, कांदिवली

नका सोडू. ही बुधवारची गर्दी १९४८ पासूनची आहे आणि रांगेत निम्म्या बायकांच्या कपाळावर टिकली असते, बघितलंच असेल तुम्ही. बांद्र्याला सप्टेंबरात मोतमावलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं विकतात ती काय फक्त ख्रिश्चन घेतात? माहीमच्याच दर्ग्याच्या उरुसाला मानाची चादर मुंबई पोलिसांची असते. आणि आपले बेने इस्रायली, म्हणजे इथले मराठी बोलणारे ज्यू, कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने ‘शनिवार तेली’ नाव ठेवलेले, ते नवसाच्या मलिद्याला पोहे, खोबरं, गूळच मांडतात. सासूबाईंना एकदा गोडीत विचारा, त्यांच्या आईने कुठे कुठे नवस बोलले होते. माझ्या आजीची यादी निघाली तेव्हा आम्ही गप्प झालो होतो.

पण ताई, एक टोचणारं बोलू? ‘आम्ही सगळे देव मानतो’ हे मुंबईत फार स्वस्त आहे. मेणबत्ती लावून घरी यायचं आणि रात्री सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘त्या लोकांना’ फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही म्हणून हात वर करायचा, हे मी आमच्याच गच्चीवर बघितलंय. मीटिंगनंतर मीही सगळ्यांबरोबर वडापाव खाऊन खाली आले, बोलले काहीच नाही, ते वेगळं.

प्रश्न : सासरे रात्री नऊला चर्चेचा कार्यक्रम लावतात, सगळे एकदम ओरडतात, मग जेवताना त्यांचं बीपी वाढतं आणि ते आमच्यावर ओरडतात. उपाय? — वैतागलेली, मुलुंड

जेवण साडेआठला वाढा. नाहीतर आवाज बंद करून बघा म्हणावं, आठ डबे आणि आठ तोंडं, हसूच येतं. मी केलंय. आमच्याकडे दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी रिमोट त्यांच्या उशीखाली सापडला.

प्रश्न : एवढं लिहिता, तुम्ही स्वतः कधी फेअरनेस क्रीम लावलंय का, खरं सांगा. — वाचक, गोरेगाव

लावलंय की. नववीत, गॅदरिंगच्या आधी, आईच्या कपाटातली ट्यूब चोरून, रोज रात्री आणि सकाळी शाळेत जाताना परत, आठ दिवस. आरशात मला तरी फरक वाटत होता. आठव्या दिवशी आजीने हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, नीट बघितलं आणि म्हणाली, तोंड नाही का गं धुतलंस आज?