पार्लर बंद झालं, बोजा राहिला

प्रश्न : आम्ही सेलू तालुक्यातले. परभणीत मोंढ्याजवळ बियाण्याच्या दुकानासाठी जागेसह एक गाळा बघितला. सौदा 18 लाखांचा, 1 लाख इसार दिला. आधी तिथं व्हिडिओ गेम पार्लर होतं. आत पैशावर आकडे चालायचे म्हणतात. मिळकत पत्रिका काढली तर 'इतर भार' रकान्यात बँकेचं गहाण आणि त्याखाली करमणूक शुल्काच्या थकबाकीचा 3 लाख 40 हजारांचा बोजा. मालक म्हणतात, "ते देणं पार्लरचं, गाळ्याचं नाही." भाचा म्हणतो, खरेदीखत उरकून टाका. काय करावं?

उत्तर : उरकू नका. पत्रिका आधी काढलीत हे फार बरं केलंत.

धंदा बंद झाला म्हणून त्याचं देणं बुडत नाही. करमणूक शुल्क 1 जुलै 2017 पासून जीएसटीत गेलं, पण त्याआधीची थकबाकी जमीन महसुलासारखीच वसूल होते : मागणीची नोटीस, जप्ती, शेवटी लिलाव. मी नोकरीची बरीच वर्षं वसुलीच्या टेबलावर काढली. एका तालुक्याच्या गावी निवृत्त शिक्षिकेनं फंडाचे पैसे घालून असाच गाळा घेतला होता. तिच्या शटरवर जप्तीची नोटीस मी डकवली. "साहेब, मी तर पत्तेसुद्धा खेळत नाही," एवढंच ती म्हणाली. थकबाकी आधीच्या मालकाची होती, बोजाची नोंद खरेदीच्या आधीची होती आणि तिला पत्रिका कुणी दाखवलीच नव्हती. ते शटर अजून डोळ्यासमोरून जात नाही, म्हणून तुम्हाला इतकं बजावून सांगतोय.

कायद्यानं, बोजाची कल्पना नसताना मोल देऊन घेणाऱ्याला थोडं संरक्षण आहे. तुम्ही तर नोंद डोळ्यांनी बघितलीत. उद्या "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोय तुम्हाला उरलेली नाही.

आता पैसे कुणाला आधी जातात ते बघा. जमिनीचा स्वतःचा सारा थकला तर तो सगळ्यांच्या आधी. पण महसुलासारखी वसूल होणारी इतर सरकारी देणी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 169 प्रमाणे फक्त बिनतारण देण्यांच्या पुढे असतात. बँकेचं गहाण तारणी आहे, म्हणजे बँकेचे पैसे या थकबाकीच्या आधी जातात. म्हणून बँकेकडून बाकीचा आकडा लेखी घ्या. बँक आणि सरकार मिळून 18 लाखांच्या वर जात असेल, तर तिथंच थांबा.

मला जास्त काळजी पत्रिकेवर न दिसणाऱ्या देण्याची वाटते. पार्लर 2017 नंतरही चालू असेल तर जीएसटी थकलेला असू शकतो. जीएसटी कायद्याच्या कलम 82 नं कराचा पहिला भार मालमत्तेवर बसतो, तो नोंदीची वाट बघत नाही. मालकाचा जीएसटी नंबर मागा आणि बाकी नसल्याचं राज्यकर कार्यालयाचं पत्र त्यांनाच आणायला लावा. मशिनी, पाटी, फर्निचर काही घेऊ नका. चालता धंदा घेतला असं ठरलं तर कलम 85 खाली जुन्या करालाही तुम्ही जोडीनं जबाबदार.

परवाना व्हिडिओ गेमचा होता, जुगाराचा नव्हे. आपल्याकडे कसिनोला, म्हणजे जुगारघराला, परवाना देणारा 1976 चा कायदा कधी अमलातच आला नाही, 2023 मध्ये तो रद्दही झाला. आत आकडे चालत असतील तर तो 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा, त्याचं मालक बघतील.

घ्यायचाच असेल तर किमतीतली थकबाकीची रक्कम मालकाच्या हातात देऊ नका. तहसीलमधून व्याजासह आजचा आकडा घ्या, चलनानं थेट भरा, बँकेचंही तसंच करा. बोजा कमी झाल्याचा आदेश आणि कोरी पत्रिका हातात आल्यावरच खरेदीखत. वेगळं ठरलेलं नसेल तर असे भार उतरवून देणं हे विकणाऱ्याचंच काम आहे. इसारपावतीत 'बोजारहित' शब्द आहे का, तेवढं आजच बघा. इसार परत मागायची वेळ आली तर तोच कामी येईल.