एकच गोळी, पुन्हा पुन्हा

प्रश्न : मी ४७ वर्षांची, डिचोली तालुक्यातली. मधुमेह आहे. गेल्या चतुर्थीपासून चारदा खाज, आग आणि फुटलेल्या दह्यासारखं पांढरं जाणं झालं. फार्मसीतून फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची गोळी आणते. आठवडाभर बरं, की परत सुरू. आता ‘दोन गोळ्या घ्या’ म्हणतात. घेऊ का? नवऱ्यालाही औषध द्यावं लागेल का?
– एक वाचक

उत्तर : ताई, दोन गोळ्या नकोत. आधी तपासणी करा. वर्षात तीन किंवा जास्त वेळा असा त्रास झाला, तर अंदाजाने औषध घेणं थांबलंच पाहिजे. आपल्या बायका लाजेपायी महिनोन्‌महिने खाज सोसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

असा त्रास बहुधा योनीतल्या बुरशीमुळे होतो, आणि फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध. ही बुरशी म्हणजे कँडिडा. बहुतेक वेळा ती अल्बिकन्स जातीची असते आणि गोळीने आटोक्यात येते. पण ग्लाब्राटा जात फ्लुकोनाझोलला सहसा नीट दाद देत नाही आणि क्रुसेईवर तर हे औषध मुळातच चालत नाही. मधुमेही स्त्रियांत ग्लाब्राटा तुलनेने जास्त सापडते. नुसत्या लक्षणांवरून जात ओळखता येत नाही.

म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडून स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने स्रावाचा नमुना, घ्या, तोही गोळी-मलम सुरू करण्याआधी. खाजेचं कारण दुसरंच निघू शकतं. चिठ्ठीवर ‘फंगल कल्चर, कँडिडाची जात आणि सेन्सिटिव्हिटी’ (बुरशी वाढवून तिची जात आणि तिला कोणतं औषध लागू पडतं ते पाहणं) असं लिहून मागा, नाहीतर रिपोर्टात नुसतं ‘यीस्ट सेल्स’ (बुरशीच्या पेशी) येतं आणि आपण होतो तिथेच. लॅबमध्ये बुरशी वाढवायच्या, जातीनुसार रंग दाखवणाऱ्या एका खास माध्यमावर अल्बिकन्स हिरवी उगवते, ट्रॉपिकॅलिस निळी, क्रुसेई गुलाबी आणि खरबरीत. मग बुरशी पसरलेल्या थाळीवर औषधाची चकती ठेवतात. चकतीभोवती वाढ नसलेलं कडं किती मिलिमीटर पडलं, ते पट्टीने मोजतात. मोठं कडं म्हणजे औषध लागू. कडं नसेल तर ती गोळी तुमच्यासाठी व्यर्थ.

अल्बिकन्सच निघाली, तर सुरुवातीच्या डोसांनंतर आठवड्याला एक गोळी, सहा महिने असा कोर्स डॉक्टर देतात. ग्लाब्राटा असेल तर बोरिक अॅसिडच्या योनीत ठेवायच्या कॅप्सूल. त्या तोंडाने घेणं जिवावर बेतू शकतं, तेव्हा घरातल्या इतर गोळ्यांत ठेवू नका. गरोदरपणात त्या चालत नाहीत.

मधुमेहाच्या गोळ्यांची नावं तुम्ही लिहिली नाहीत, ती डॉक्टरांना जरूर दाखवा. डापाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांनी लघवीतून साखर जाते आणि बुरशीचं फावतं. ग्लिमेपिराइडबरोबर फ्लुकोनाझोल घेतलं तर साखर एकदम उतरू शकते. दोन गोळ्यांना ‘नको’ म्हटलं ते यासाठीही. मात्र मधुमेहाची गोळी परस्पर बंद करू नका. शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, याच वेळी करून घ्या.

स्टेरॉइड मिसळलेली मलमं बंद करा. खाज दबते, बुरशी तशीच राहते.

नवऱ्याला काही त्रास नसेल, तर औषधाची गरज नाही. हा आजार बाहेरख्यालीचा पुरावा नव्हे, हे त्यांनाही सांगा.