पानं नसलेलं झाड ओळखायचं कसं?

प्रश्न : मी रोज सकाळी वेताळ टेकडीवर जाते. फेब्रुवारी उलटला की झाडं बोडकी होतात आणि मला सगळी एकसारखीच वाटू लागतात. मोबाइलवरचं अ‍ॅप एकाच झाडाला एकदा सालई म्हणतं, एकदा मोई. खरं काय समजायचं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, सालई आणि मोई या जोडीत भलेभले अडकतात. दोन्हींची पानं संयुक्त (म्हणजे एका देठावर अनेक छोट्या पर्णिका असलेली) आणि फांद्यांच्या टोकांशी दाटलेली असतात, गळतातही साधारण एकाच सुमारास. पण पानं गेली म्हणजे ओळख गेली असं नाही. मला तर हाच काळ शिकायला सर्वांत चांगला वाटतो, कारण आता खोड लपत नाही.

सालईची साल पातळ, हिरवट-राखी असते आणि तिचे कागदासारखे पापुद्रे सुटतात. खोडावर आपसूक सुकलेला डिंक दिसला तर वास घ्या, धुपाचाच येईल. त्यासाठी साल मात्र खरवडू नका, त्या जखमा झाडाला महागात पडतात. मोईची साल करडी, जाड असते, जुन्या झाडावर तिच्या खपल्या पडतात. तिला आपल्याकडे शिमटीही म्हणतात.

साल पाहून शंका उरली तर खाली बघा. सालईचं फळ तीन धारांचं असतं आणि वाळल्यावर तीन भागांत उकलतं. मोईची फळं लहान, लालसर, घोसांनी लागतात, ती उकलत नाहीत. मोईत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, म्हणून एखाद्या मोईखाली कधीच फळ सापडलं नाही तर गोंधळू नका. जूनमध्ये नवी पानं आली की पर्णिकांच्या कडा पाहा. सालईच्या दातेरी, पूर्ण वाढलेल्या मोईच्या सरळ.

अ‍ॅपला दोष देण्यात अर्थ नाही. बोडक्या फांद्यांच्या फोटोत त्याला पाहण्यासारखं फारसं मिळतच नाही. त्यापेक्षा तुमच्या रोजच्या वाटेवरचं एकच झाड धरा आणि वर्षभर त्याच्यापाशी थांबत जा. पन्नास नावं पाठ करण्यापेक्षा हे फार मोलाचं आहे, असं मी अगदी मनापासून सांगते.

पांढऱ्या, गुळगुळीत खोडाचा कांडोळ भेटला तर त्याच्या फळांना हात लावू नका. त्यावरची लव अंगाला टोचते.

प्रश्न : टेकडीवर मार्चमध्ये गुलाबी फुलांनी भरलेली झाडं दिसतात. ती चेरी आहेत का?
– एक वाचक, पाषाण

उत्तर : नाही, ते गिरिपुष्प, म्हणजेच उंदीरमारी. फूल हातात घेऊन पाहा : वाटाण्याच्या फुलासारखी ठेवण, मागे उभी मोठी पाकळी आणि तिच्या मध्यावर पिवळसर ठिपका. चेरीच्या पाच पाकळ्या सारख्या असतात. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. ते झपाट्याने वाढतं आणि जमिनीत नत्र धरतं, म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर ते भरपूर लावलं गेलं. बिया विषारी असतात, मुलांना सांगून ठेवा. बहर सुंदर आहे, त्याचा आनंद जरूर घ्या. पण नवी रोपं लावायची वेळ आली तर माझं मत सालई, मोई आणि मेडशिंगी या इथल्याच झाडांना.

पुढचं पत्र पाठवताना पूर्ण झाडाचा, सालीचा आणि खाली पडलेल्या पानाचा किंवा फळाचा असे तीन फोटो जोडा. फुलाचा नसला तरी चालेल.