मागे सरलेलं पाऊल, पुढे आलेला गाल

युरोपाच्या दोन टोकांबद्दल बरीच पत्रं साठली आहेत. एक टोक ईशान्येचं, बाल्टिक समुद्राकाठचं लिथुआनिया. दुसरं नैर्ऋत्येचं, अटलांटिककाठचं पोर्तुगाल. सगळ्या पत्रांत तक्रार एकच: माणसं फार लांब उभी राहतात, नाहीतर फार जवळ.

नमस्कार मॅडम. मी पुण्यात आयटी कंपनीत आहे. आमच्या टीममधले विल्नियस (लिथुआनिया) आणि लिस्बनचे (पोर्तुगाल) सहकारी नुकतेच पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटले. लिस्बनचा सहकारी बोलताना दंडाला हात लावतो, पुढे सरकतो. विल्नियसची सहकारी मागे सरत सरत शेवटी कॉफी मशीनला टेकली. आता दोघंही माझ्याकडे कुरकुर करतात. चूक कोणाची?

कॉफी मशीनची. ते मध्ये नसतं तर दोघं बोलत बोलत पार्किंगपर्यंत गेले असते!

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी 1960च्या दशकात माणसामाणसांतलं अंतर मोजून त्याचे पट्टे पाडले. साधारण 45 सेंटीमीटरच्या आत फक्त अगदी जवळची माणसं, तिथपासून 120 सेंटीमीटरपर्यंत ओळखीपाळखीचे, त्यापुढे कामापुरते. हे आकडे मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मध्यमवर्गाचे आहेत, हे त्यांनीच बजावून ठेवलंय. पट्टे सगळीकडे असतात, रुंदी मात्र बदलते. तुमच्या लिस्बनच्या मित्राला ती दूर वाटते म्हणून तो पाऊल पुढे टाकतो, तिला तो अंगावर आल्यासारखा वाटतो म्हणून ती मागे सरते. दोघांनाही आपण काही करतोय याचा पत्ता नसतो. तिला सांगा, तो लगट करत नाहीये. त्याला सांगा, ती रागावलेली नाही. आणि पुढच्या भेटीत दोघांना टेबलाशी बसवा. बसलेल्या माणसाला पुढे सरकता येत नाही.

ताई, माझी मुलगी काउनासला मेडिकलला आहे. शेजारीण जिन्यात रोज भेटते, पण हसतसुद्धा नाही. लेक फोनवर रडते. तिला तिथे कोणी आपलं म्हणेल का?

म्हणेल, पण वेळ लागेल. लिथुआनियात हसू ओळखीच्या माणसासाठी राखून ठेवतात. अनोळखी माणूस उगाच हसला तर "हा का हसतोय?" असा प्रश्न पडतो. शेजारणीच्या लेखी तुमच्या मुलीला तिच्या विचारात राहू देणं हाच सभ्यपणा आहे. मुलीला म्हणावं, तूच रोज "लाबा दिएना", म्हणजे नमस्कार, म्हण. उत्तर मिळेल, हसू पुढच्या महिन्यात.

एकदा घरी बोलावणं आलं की चित्र पालटतं. चपला दाराशी काढायच्या, हे तिला शिकवायला नको. फुलं न्यायची तर विषम संख्येत, सम संख्या मयतासाठी. (आपण पाकिटात 101 घालतो, तसंच समजा.) आणि उंबऱ्यावरून हात मिळवायचा नाही, भांडण होतं म्हणतात. आधी आत जायचं, मग हात. त्यानंतर टेबलाशी बसलेली हीच माणसं तासन् तास उठू देत नाहीत. शिवाय लिथुआनियन भाषेत देवाला "दिएवास", अग्नीला "उग्निस" आणि मुलाला "सूनुस" म्हणतात. संस्कृतातला "सूनु" आठवा. गप्पांना तेवढं निमित्त पुरतं.

आणि जी माणसं परक्याला शिवत नाहीत म्हणतात, त्यांनीच 23 ऑगस्ट 1989 रोजी लात्विया आणि एस्टोनियाच्या लोकांबरोबर विल्नियसपासून टालिनपर्यंत सहाशेहून अधिक किलोमीटरची माणसांची साखळी केली होती. सुमारे 20 लाख लोक, सोव्हिएत सत्तेच्या विरोधात, शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचा हात धरून.

मी मडगावची. नवऱ्याला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला, आम्ही लिस्बनला चाललोय. तिथे गालाला गाल लावतात म्हणे. मला ते जमणार नाही. काय करू?

"दोइश बेइझिन्युश", म्हणजे दोन छोट्या पाप्या. आधी उजवा गाल, मग डावा. गालाला गाल जेमतेम टेकतो, आवाज हवेत. बायका बायकांशी आणि पुरुषांशी असं करतात, पुरुष आपसांत हात मिळवतात किंवा पाठ थोपटत मिठी मारतात. लिस्बनजवळच्या कश्काइशकडच्या बड्या घरांत एकच पापी चालते, त्यामुळे दुसरा गाल हवेतच राहतो. तुम्हाला नको असेल तर दोन पावलं आधीच हात पुढे करा. ऑफिसात पहिल्या भेटीत तेच रीतसर आहे, कोणी वाईट वाटून घेणार नाही.

खरी काळजी दुसरीच घ्या. गाल लागला म्हणजे जवळीक झाली असं समजू नका. पोर्तुगीज माणूस अंगानं जवळ येतो आणि भाषेनं अंतर राखतो. "तू" म्हणजे "तु" घरच्यांना आणि मित्रांना. "तुम्ही"च्या जागचं "व्होसे" बऱ्याच जणांच्या कानाला उद्धट वाटतं. मोठ्यांना "ओ सेन्योर", साध्या पदवीधरालाही "सेन्योर दोतोर", इंजिनिअरला "सेन्योर एंजेन्येइरु". मधल्या ओळखीत तर समोरच्या मारियालाच विचारतात, "मारिया कॉफी घेणार का?" आपल्याकडे सासरे समोर बसलेल्या सुनेला "सूनबाई चहा घेणार का?" विचारत, तसंच. ज्या बाईनं काल तुमच्या गालाला गाल लावला, तिला आज "तु" म्हटलंत तर ती चमकेल. ती स्वतः म्हणेपर्यंत थांबा. घरी बोलावण्याचंही तसंच, भेटी बहुधा कॅफेत होतात. मुंबईच्या लोकलमध्ये खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसाचं नाव तरी आपल्याला कुठे ठाऊक असतं?

हे सगळं थंडीमुळे ना? की सोव्हिएत राजवटीमुळे लिथुआनियन लोक घुमे झाले?

दोन्ही उत्तरं फार सोपी आहेत. 2017 मध्ये 42 देशांतल्या लोकांना विचारून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उष्ण प्रदेशांत परके जरा जवळ उभे राहतात, असं त्यात दिसलं खरं. पण परक्यापासून सर्वांत लांब कोण, तर रोमानियन. सर्वांत जवळ अर्जेंटिनाचे. दोघांच्याही भाषा लॅटिनमधून आलेल्या. "लॅटिन रक्तच उबदार" म्हणणाऱ्यांनी रोमानियाचं काय करायचं?

सोव्हिएत राजवटीसारख्या हेरगिरीच्या भीतीनं लोक घुमे होत असतील, तर पोर्तुगालही गप्प हवा होता. तिथे 1926 ते 1974 हुकूमशाही होती, "पीडे" नावाचे गुप्त पोलीस आणि गल्लोगल्ली खबरे होते. तरी गालाला गाल लागतच राहिले.

मला वस्तीची रचना जास्त पटते. लिथुआनिया महाराष्ट्राच्या पाचव्या भागाएवढा, वस्ती 30 लाखांच्या आत. खेड्यांत "व्येनक्येमिस" ही जुनी रीत, म्हणजे शेताच्या मधोमध एकटं घर, शेजारी नजरेच्या टप्प्यात पण हाकेच्या बाहेर. उलट लिस्बनच्या आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भिंतीला चिकटावं लागतं. हाही तर्कच, पण निदान नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो.

जूनमध्ये पोर्तुगालातल्या पोर्तु शहरात जातोय, 23 तारखेला. गर्दीत कितपत जपायचं?

जपणार कसं? त्या रात्री साओ जुआंवचा उत्सव असतो आणि अनोळखी माणसं तुमच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा हातोडा मारतात. हातोड्यांच्या आधी लसणीच्या लांब दांड्या डोक्यावर टेकवत. त्याच रात्री लिथुआनियात योनिनेस हा सण साजरा होतो, डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून शेकोट्यांवरून उड्या मारतात. तिथे डोक्याला कोणी हात लावत नाही. पोर्तुत मात्र पाकीट पुढच्या खिशात ठेवा, हातोडा रस्त्यावरच विकत घ्या, आणि पहिला फटका पोलिसाला मारू नका.