‘हवाई पाहणी’ की ‘हवाई सर्वेक्षण’?

प्रश्न असा आहे की, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था विमानात उपकरणे बसवून जे काम करते, त्याला बातमीत ‘खनिजांसाठी हवाई पाहणी’ म्हटले होते. ते योग्य आहे का?

माझ्या मते नाही. पूरग्रस्त भागाची मंत्र्यांनी हेलिकॉप्टरमधून केलेली पाहणी आपल्या इतकी परिचयाची आहे की, ‘हवाई पाहणी’ म्हणताच खिडकीतून खाली बघणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. येथे ज्याचा शोध घ्यायचा ते माती आणि झाडोऱ्याखाली दडलेले असते. डोळ्यांना ते दिसणारच नाही.

मात्र केवळ व्युत्पत्तीवर हा निवाडा होत नाही, कारण ‘सर्वेक्षण’ म्हणजे सर्व अधिक ईक्षण, आणि ‘ईक्ष्’ या धातूचा अर्थही पाहणे असाच आहे. फरक रूढीने पडला आहे. पाहणी एका फेरीत उरकते. सर्वेक्षणात आखणी, ठरावीक अंतर आणि सलग नोंद गृहीत असते. 2017 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात विमान जमिनीपासून सुमारे 80 मीटर उंचीवरून, एकमेकींपासून 300 मीटर अंतरावरच्या समांतर रेषांत, नांगराने तासाला तास धरावा तसे जाते. चुंबकत्वमापक चुंबकीय क्षेत्राची तीव्रता नोंदवतो, दुसरे उपकरण पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियम यांचे गॅमा किरण टिपते; हे किरण वरच्या जेमतेम हातभर थरातूनच बाहेर पडतात. दिवसभरात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र स्वतःच बदलत असल्याने जमिनीवर एक स्थिर मापक ठेवून तो बदल नोंदींतून वजा करावा लागतो. एवढ्या काटेकोर कामाला ‘पाहणी’ म्हणणे अपुरे वाटते.

‘हवाई मोजणी’ हा पर्याय मलाही मोहवतो. पण मोजणी म्हटले की आपल्याकडे बांध, हद्द आणि गट क्रमांक आठवतात. म्हणून ‘हवाई भूभौतिक सर्वेक्षण’ असेच लिहावे; ‘भूभौतिक’ म्हणजे जमिनीच्या चुंबकत्वासारख्या भौतिक गुणधर्मांविषयीचे.

क्रियापदही जपून वापरावे. ‘सर्वेक्षणात तांबे सापडले’ हे विधान बहुधा चुकीचे असते. चुंबकीय नकाशावर एखादा पट्टा सरळ रेषेत तुटून बाजूला सरकलेला दिसला, तर तेथे विभंग, म्हणजे जिच्या बाजूंचे खडक सरकले आहेत अशी भेग, असावा असा तर्क करता येतो, आणि अशा भेगांतून खनिजयुक्त उष्ण द्रावणे वर आलेली असू शकतात, म्हणून ती जागा महत्त्वाची ठरते. धातू आहे की नाही, हे जमिनीवरचा तपास आणि त्यानंतरचे छिद्रण सांगते. तोवर ‘खनिजांना अनुकूल संरचना आढळल्या’ एवढेच लिहावे.