केमोसोबत सदाफुलीचा रस चालेल का?

काकांच्या केमोतलं व्हिन्क्रिस्टिन हे औषध सदाफुलीतूनच येतं, मग सोलापुरात दारोदारी फुकट उगवणाऱ्या झाडाच्या चार पानांचा रस रोज दिला तर काय बिघडलं, असं तुम्ही विचारलंय. बिघडतं, देऊ नका.

सदाफुली मूळची मादागास्करची. अनेक देशांत तिचा काढा मधुमेहावर घेत. आपल्याकडेही उपाशीपोटी पानं चावणारे आहेतच. जमैकाहून आलेली पानं कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या संशोधकांनी तपासली. अर्क तोंडाने दिला तर उंदरांची साखर हललीच नाही. टोचला तेव्हा मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने मेले. पांढऱ्या पेशी पाडणारी वस्तू रक्ताच्या कॅन्सरवर चालेल, हा धागा धरून 1958च्या सुमारास व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध हाती आलं, पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन. परंपरेनं झाड दाखवलं, रोग भलताच निघाला.

आता हिशोब. 1 ग्रॅम व्हिनब्लास्टिनला सुमारे 500 किलो वाळलेली पानं लागतात. मोठ्या माणसाचा एक डोस 10 मिलिग्रॅम धरला तरी 5 किलो. व्हिन्क्रिस्टिन पानात त्याहूनही कमी. म्हणजे चार पानांत औषध नावापुरतं, पण त्याच पानात शंभरावर इतर अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी वनस्पतीतली द्रव्यं, असतात. काही बीपी उतरवतात, त्या उंदरांत दिसलं नाही तरी काहींनी साखर खाली येऊ शकते. काका मधुमेहाच्या गोळ्या घेत असतील तर चक्कर येऊन पडायचे. व्हिन्क्रिस्टिनचं खरं इंजेक्शन शिरेतूनच देतात, मोठ्यांना एका वेळी बहुधा 2 मिलिग्रॅमच्या आत. शिरेबाहेर गळलं तर तिथलं मांस सडतं. इतकी काटेकोर मात्रा मिक्सरच्या भांड्यात जमत नाही.

मग झाडातून खरं औषध काढतात कसं? परंपरेतून नवं औषध शोधणाऱ्यांची पहिली माती खाल्ली जाते ती झाड ओळखण्यात. काष्ठौषधीच्या दुकानातली मुळी नावाची एक, जातीची दुसरी. म्हणून फुलाफळासकट फांदी दाबून वाळवायची, जागा-तारीख लिहून हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहालयात, ठेवायची. पान वापरतात की साल, काढा की दारूतला अर्क, हे वैदूला विचारून जसंच्या तसं नोंदवायचं. वाळवायचं सावलीत, मे महिन्यात गच्चीवर टाकलं तर नाजूक रेणू उन्हातच जातात. मग अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग पेशींवर तपासायचा, जो चालतो तोच पुन्हा फोडायचा. निरोगी पेशीही मारणारे अर्क ढीगभर सापडतात, बरेच जण इथंच हुरळून पेपर छापतात.

सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाचं उदाहरण बघा. कॅम्प्टोथेसिन हा कॅन्सरवर चालणारा रेणू 1966 मध्ये चिनी झाडात सापडलं, 1972 मध्ये नरक्यात. ते तसंच देणं विषारी ठरलं. रेणूत बदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं आली तेव्हा कुठे 1996 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. मधल्या काळात नरक्या मात्र बेसुमार तोडला गेला.

रस सुरू केला असेल तर आजच थांबवा. बार्शीला उपचार असोत की सोलापुरात, पुढच्या डोसआधी डॉक्टरांना किती दिवस, किती दिला ते सांगा, नाहीतर सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, पेशी पडल्या तर दोष केमोचा की रसाचा हे त्यांना कळणार नाही. ताप 100.4 फॅरेनहाइटला गेला तर क्रोसिन देऊन वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. बोटांना मुंग्या किंवा घट्ट बद्धकोष्ठता व्हिन्क्रिस्टिननंही होते, तेही सांगा.