खोटं नाणं, बिल्ला आणि खुर्दा

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या यादवी युद्धात सुटे पैसे मिळेनासे झाले, तेव्हा दुकानदारांनी स्वतःच तांब्याचे तुकडे पाडून चालवले. त्यांना 'खोटी नाणी' म्हणावं का?

अजिबात नाही. हे 'खोटी नाणी' वाचून वाचून डोकं उठलंय. खोट्या नाण्याला खऱ्याचं सोंग आणावं लागतं. १८६३च्या या तुकड्यांपैकी पुष्कळांवर दुकानाचं नाव, धंदा, गाव सगळं ठोकलेलं आहे. काहींवर तर ठसठशीत 'वन सेंट' आणि त्याच्या डोक्यावर बारीकसं 'नॉट'! इतकं सरळ सांगून फसवणारा कोण? बिल्ला म्हणा त्याला. हमालाच्या दंडावर असतो, तसाच.

खरी गंमत जे गडप झालं त्याच्या नावात आहे. खुर्दा! फारसी 'खुर्द' म्हणजे लहान. वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द, त्यातला खुर्द हाच. बुद्रुक म्हणजे 'बुजुर्ग', थोरलं. थोडक्यात, रुपया बुद्रुक आणि पैसे खुर्द. काही पंडित 'खुर्द'ला ओढत 'क्षुद्र'पर्यंत नेतात. मग बुद्रुकलाही एखादा संस्कृत बाप शोधा की! जोडीनं आलेल्या पाहुण्यांना वेगवेगळ्या घरी कशाला उतरवता?

शत्रूचा उडतो तो खुर्दाही हाच, म्हणजे तुकडे तुकडे. माझं तर ठाम मत आहे की मराठी माणसाच्या लेखी सुटे पैसे म्हणजे फोडलेला मोठा पैसा. 'मोड' हा शब्दच बघा ना, नोट आपण मोडतोच. ('चिल्लर' दक्षिणेकडची, कन्नडमध्ये 'चिल्लरे'. तिला या पंगतीत बसवू नका.)

हां, बिल्ले. न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर नावाच्या गुत्तेवाल्यानं असे दहा लाखांवर बिल्ले काढले म्हणतात. घोड्यांच्या ट्रामवाल्यांनी ते भाड्यापोटी घेतले आणि ढिगानं साठल्यावर बदलून मागायला गेले. त्यानं हसून वाटेला लावलं. १८६४मध्ये कायद्यानं असली खासगी नाणी बंद झाली. मोड नाही म्हणून काढलेल्या बिल्ल्याचीच मोड मिळेना! तिथं 'खोटा' हा शब्द वापरायचाच असेल तर मालकाला वापरा.